‘सपुरिस’ : धम्माच्या आद्य पूर्वजांच्या स्मरणाची परिभाषा

प्रत्येक समाज आपल्या आद्य पूर्वजांचे स्मरण करतो. मात्र हे स्मरण तो कोणत्या शब्दांनी करतो, यावरून त्या समाजाची मूल्ये कळून येतात. वैदिक परंपरेत पूर्वजांसाठी ‘पितर’ हा शब्द आहे आणि त्यांच्या स्मरणासाठी ‘श्राद्ध’ हा विधी आहे. त्या विधीच्या मुळाशी रक्ताचे नाते, गोत्राचा उच्चार आणि पिंड देण्याचा अधिकार या तीन गोष्टी आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतील सहावी प्रतिज्ञा श्राद्धपक्ष आणि पिंडदान नाकारणारी आहे. या प्रतिज्ञेने एक विधी संपला. पण त्याबरोबर एक प्रश्नही उभा राहिला. ज्यांनी आपल्याला धम्म दिला, त्या पूर्वजांचे स्मरण बौद्धाने कसे करावे आणि कोणत्या नावाने करावे?

हा प्रश्न नवा नाही. सुमारे एकवीसशे वर्षांपूर्वी विदिशेच्या परिसरातील भिक्खुसंघापुढे तो उभा होता आणि त्या संघाने त्याचे उत्तर दगडावर कोरून ठेवले. ते उत्तर म्हणजे ‘सपुरिस’ हा एक शब्द होय. प्रस्तुत लेखात या शब्दाचा अर्थ आणि त्याचा वापर यांचा विचार करावयाचा आहे.

सांचीच्या मंजुषा

१८५१ साली अलेक्झांडर कनिंगहॅम आणि त्यांचे सहकारी मेसी यांनी सांची व आसपासच्या टेकड्यांवरील स्तूप उघडले. उत्खननाची आजची शिस्त तेव्हा नव्हती. अनेक स्तूपांची त्या कामात हानी झाली, हे मान्य केले पाहिजे. पण जे सापडले ते भारताच्या इतिहासात अपूर्व होते. कनिंगहॅम यांनी १८५४ साली आपल्या ग्रंथात त्याची हकिकत प्रसिद्ध केली.

सांचीच्या टेकडीवर माथ्यापासून थोडे खाली, पश्चिम उतारावर, क्रमांक दोनचा स्तूप आहे. त्याच्या आत दगडाची एक पेटी मिळाली आणि त्या पेटीत संगजिऱ्याच्या चार लहान मंजुषा होत्या. मंजुषांमध्ये अस्थींचे अंश होते व त्यांवर ब्राह्मी लिपीत नावे कोरलेली होती. नावे अशी : कासपगोत, मझिम, हारितीपुत, वाछि सुविजयित, महवनाय, आपगिर, कोडिनिपुत, कोसिकिपुत, गोतिपुत आणि मोगलिपुत. एकूण दहा नावे. या प्रत्येक नावापूर्वी एकच विशेषण आले आहे, ‘सपुरिसस’, म्हणजे ‘सपुरिसाचे’. बाहेरच्या दगडी पेटीवरील लेखात कासपगोत आणि वाछि सुविजयित यांच्यापासून आरंभ करून ‘सर्व विनायकांचे’ असा उल्लेख आहे. ‘विनायक’ हा शब्द वाचून आजच्या मराठी वाचकाच्या मनात दुसरीच मूर्ती उभी राहील. येथे मात्र त्याचा अर्थ वळण लावणारा, मार्गदर्शक, आचार्य एवढाच आहे.

सोनारी आणि अंधेर येथील स्तूपांतही असेच अवशेष मिळाले. सोनारीच्या स्तूप क्रमांक दोनमधून पाच व्यक्तींचे अवशेष निघाले. त्यांतील कासपगोत यांना ‘सवहेमवताचरिय’, म्हणजे सर्व हेमवतांचे आचार्य, म्हटले आहे. गोतिपुत यांना ‘हेमवत’ आणि ‘दुदुभिसर-दायाद’ अशी दोन विशेषणे दिली आहेत. अंधेर येथील मोगलिपुत हे ‘गोतिपुताचे अंतेवासी’, म्हणजे शिष्य, म्हटले गेले. या सर्वांच्या नावांपूर्वीही ‘सपुरिस’ हाच शब्द आहे.

हे लोक कोण होते?

सिंहली इतिहासग्रंथ ‘दीपवंस’ व ‘महावंस’ आणि विनयाची अट्ठकथा ‘समन्तपासादिका’ यांत असे सांगितले आहे की, सम्राट अशोकाच्या काळी पाटलिपुत्रात तिसरी संगीती झाली आणि त्यानंतर मोग्गलिपुत्त तिस्स थेरांनी निरनिराळ्या प्रदेशांत धम्मप्रचारक पाठविले. महाधम्मरक्खित थेर महारट्ठात, म्हणजे आपल्या महाराष्ट्रात आले. योनक धम्मरक्खित अपरान्तात, म्हणजे कोकणपट्टीत गेले. हिमवन्त प्रदेशात मज्झिम थेर गेले आणि त्यांच्याबरोबर कस्सपगोत्त, दुन्दुभिस्सर आदी थेर होते.

पाली ग्रंथातील मज्झिम, कस्सपगोत्त आणि दुन्दुभिस्सर ही तीन नावे विदिशेच्या परिसरातील लेखांत मझिम, कासपगोत आणि दुदुभिसर या रूपांत आढळतात. श्रीलंकेत ताडपत्रांवर जपलेली परंपरा आणि मध्य भारतातील जमिनीखाली बंद राहिलेले दगडावरचे अक्षर एकमेकांना दुजोरा देतात. बौद्ध परंपरेच्या ग्रंथांना दंतकथा म्हणून बाजूला सारणाऱ्यांना या तीन नावांनी सबळ उत्तर दिले आहे.

तथापि येथे घाई करून चालणार नाही. कनिंगहॅम यांनी मंजुषेवरील मोगलिपुत म्हणजेच तिसऱ्या संगीतीचे मोग्गलिपुत्त तिस्स असे ठरविले. ते मत पुढे टिकले नाही. अंधेरच्या लेखानुसार मोगलिपुत हे गोतिपुताचे शिष्य होते आणि गोतिपुत हे दुदुभिसराचे दायाद होते. म्हणजे मोगलिपुत हे अशोककालीन प्रचारकांच्या नंतरच्या पिढीतले ठरतात. लेखांच्या अक्षरांचे वळणही इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाचे आहे. यावरून असे दिसते की, अशोकाच्या काळी हिमवन्तात गेलेल्या आद्य थेरांचे आणि त्यांच्या शिष्यपरंपरेतील नंतरच्या आचार्यांचे अवशेष पुढील पिढ्यांनी एकत्र केले, त्यांची वाटणी केली आणि वेगवेगळ्या स्तूपांत स्थापिले. हेमवत नावाच्या एका भिक्खुपरंपरेने आपल्या संस्थापकांचे केलेले हे स्मरण होय. आणखी एक गोष्ट येथे नोंदविण्याजोगी आहे. ‘महावंस’ मज्झिमांना प्रमुख मानतो, तर शिलालेख सर्व हेमवतांचे आचार्य हा मान कासपगोतांना देतो. दूर श्रीलंकेत राहिलेली आठवण आणि शिष्यांच्या घरची आठवण यांत असा फरक पडणे स्वाभाविक आहे.

‘सपुरिस’ या शब्दाचा अर्थ

‘सपुरिस’ हे शिलालेखातील रूप होय. पालीत तो शब्द ‘सप्पुरिस’ असा लिहितात आणि संस्कृतात ‘सत्पुरुष’. मराठीत ‘सत्पुरुष’ म्हटले की साधू, संत, चमत्कार करणारा बुवा असे काहीसे चित्र मनात येते. पालीतील सप्पुरिस तसा नाही. तो देव नाही, अवतार नाही, सिद्धी दाखविणारा नाही. तो केवळ सज्जन आहे, पण हे सौजन्य कशात आहे ते तिपिटकाने नेमके सांगितले आहे.

दीघनिकायाच्या संगीति सुत्तात सप्पुरिसाचे सात गुण दिले आहेत. तो धम्म जाणतो, अर्थ जाणतो, स्वतःला जाणतो, मात्रा म्हणजे प्रमाण जाणतो, काळ जाणतो, परिषद जाणतो आणि माणूस जाणतो. या सात गुणांत जन्म, कुल, वर्ण यांचा उल्लेख नाही. सातही गुण जाणण्याचे, म्हणजे प्रज्ञेचे आहेत. अंगुत्तरनिकायात कृतज्ञता ही सप्पुरिसाची भूमी म्हटली आहे. ज्याला केलेल्या उपकाराची जाण नाही तो असप्पुरिस. त्याच निकायात दुसरीकडे असे सांगितले आहे की, कुळात सप्पुरिस जन्माला येतो तो पुष्कळांच्या हितासाठी. आई-वडील, पत्नी-मुले, चाकर-कामकरी, मित्र, दिवंगत पूर्वज या सर्वांना तो, मोठा मेघ पिकांना उपकारक व्हावा तसा उपकारक होतो.

सर्वांत महत्त्वाचे विवेचन मज्झिमनिकायाच्या सप्पुरिस सुत्तात आहे. मी उच्च कुळातून प्रव्रजित झालो आणि हे दुसरे तसे नाहीत, असे म्हणून जो स्वतःला थोर लेखतो आणि इतरांना हिणवतो तो असप्पुरिस, असे तथागत तेथे सांगतात. सप्पुरिस विचार करतो की, उच्च कुळामुळे लोभ, द्वेष, मोह नष्ट होत नाहीत. उच्च कुळातून न आलेला भिक्खूही धम्मानुसार वागणारा असेल तर तोच पूजनीय. तथागत एवढ्यावरच थांबत नाहीत. बहुश्रुतपणाचा, विनय पाठ असल्याचा, अरण्यात राहण्याचा, भिक्षेवरच जगण्याचा अभिमानही त्याच कसोटीला लावला आहे. जन्माचा अहंकार जसा त्याज्य, तसा साधनेचा अहंकारही त्याज्य.

हे सुत्त समोर ठेवून सांचीच्या मंजुषा पुन्हा वाचाव्यात. हेमवत संघाने आपल्या संस्थापकांना द्यावयाचे विशेषण म्हणून जो शब्द निवडला, तो कुळाचा अहंकार गळून पडलेल्या माणसाचे नाव आहे. त्याच टेकडीवरील स्तूप क्रमांक तीनमध्ये सारिपुत्त आणि महामोग्गल्लान या दोन अग्रश्रावकांचे अवशेष मिळाले. त्या दगडी पेट्यांवर केवळ ‘सारिपुतस’, ‘महामोगलानस’ एवढेच आहे. अग्रश्रावकांना विशेषणाची गरज वाटली नसावी. नंतरच्या पिढीतल्या आचार्यांना मात्र ते कशासाठी स्मरणीय आहेत हे सांगणारा शब्द हवा होता आणि तो शब्द ‘सपुरिस’ ठरला.

गोत्रनामांची अडचण

येथे जागरूक वाचक एक शंका घेईल आणि ती घेतली पाहिजे. कासपगोत हे तर काश्यप गोत्राचे नाव. कोडिनिपुत, कोसिकिपुत, वाछि, मोगलिपुत या नावांतही कौण्डिन्य, कौशिक, वत्स, मौद्गल्य ही ब्राह्मणी गोत्रे डोकावतात. मग संघातही गोत्राची प्रतिष्ठा कायम होती असे मानावयाचे काय?

याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. पहिली गोष्ट, आईच्या गोत्रावरून ओळख सांगण्याची ही त्या काळची सर्वसाधारण रीत होती. पुढे सातवाहन राजेही गोतमीपुत, वासिठीपुत असे म्हणवून घेतात. एकाच नावाची अनेक माणसे असताना ओळख पटविण्यासाठी या नावांचा उपयोग होत असे. दुसरी गोष्ट, यांपैकी काही थेर ब्राह्मण कुळांतून आले असतील हे नाकारण्याचे कारण नाही. संघात सर्व वर्णांचे लोक होते. प्रश्न असा आहे की त्यांना मंजुषेत स्थान कशामुळे मिळाले. दहांपैकी मझिम, महवनाय आणि आपगिर यांच्या नावात कोणतेही गोत्र नाही. तरीही त्यांच्यामागे तेच विशेषण आहे आणि त्यांच्या अस्थी त्याच पेटीत आहेत. नाव हे ओळखीसाठी होते. मान ‘सपुरिस’ या शब्दात होता आणि तो सर्वांना सारखा होता.

या समतेची परंपरा संघाच्या आरंभापर्यंत मागे जाते. चुल्लवग्गात सांगितले आहे की, शाक्य राजपुत्र प्रव्रज्येसाठी आले तेव्हा त्यांनी आपला न्हावी उपालि याला आधी प्रव्रज्या द्यावी अशी विनंती केली. तो ज्येष्ठ झाला म्हणजे आपण त्याला वंदन करू आणि आपला शाक्यपणाचा अभिमान गळून पडेल, असे त्यांचे म्हणणे होते. हेच उपालि पुढे विनयाचे प्रमाणपुरुष झाले. सिंहली ग्रंथ विनयाची आचार्यपरंपरा देतात ती उपालि, दासक, सोणक, सिग्गव आणि मोग्गलिपुत्त तिस्स अशी. म्हणजे अशोककालीन धम्मप्रचाराचे सूत्रधार ज्या वंशावळीत येतात, त्या वंशावळीचा मूळपुरुष एक न्हावी आहे. जगातील किती धर्मपरंपरा आपल्या वंशावळीच्या शिरोभागी असा माणूस दाखवू शकतील?

‘दायाद’ : वारसा कोणाचा?

सोनारीच्या लेखातील ‘दुदुभिसर-दायाद’ हे पद तर ‘सपुरिस’ या शब्दाइतकेच अर्थपूर्ण आहे. दायाद म्हणजे दाय, म्हणजे वारसाहक्काचा वाटा, घेणारा. हा व्यवहारातला, कायद्यातला शब्द आहे. धर्मशास्त्रात दायाद ठरतो तो रक्ताने आणि पिंडाने. मिताक्षरेनुसार सपिंड म्हणजे एकाच शरीराचे अंश असलेले नातेवाईक. बंगालमधील दायभागानुसार तर वारसाहक्काचा आधारच मृताला पिंड देऊन त्याचे पारलौकिक हित साधण्याचा अधिकार हा आहे. १९४८ साली हिंदू कोड बिलावर संविधान सभेत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या दोन पद्धतींतील भेद विशद केला होता. वारसा हा विषय त्यांनी किती मूलगामी मानला होता हे त्या विधेयकाच्या इतिहासावरून दिसते.

गोतिपुत हे दुदुभिसराचे पुत्र नव्हते. त्यांच्यात रक्ताचे नाते होते असे लेख सांगत नाही. तरीही संघाने वारसाहक्काचा शब्द उचलून शिष्याला लावला. यामागे बुद्धवचनाचा आधार आहे. महावग्गात राहुलाची कथा आहे. आईच्या सांगण्यावरून बालक राहुल तथागतांच्या मागे जाऊन आपला वारसा मागतो. तथागत सारिपुत्तांना सांगतात, राहुलाला प्रव्रज्या द्या. रक्ताच्या पुत्रालाही वारसा मिळतो तो धम्माचा. मज्झिमनिकायाच्या धम्मदायाद सुत्तात तथागत भिक्खूंना सांगतात की, माझ्या धम्माचे वारस व्हा, भौतिक वस्तूंचे वारस होऊ नका. सोनारीचा लेख कोरविणाऱ्याच्या मनात हा उपदेश असला पाहिजे.

याप्रमाणे आचरिय, अंतेवासी, दायाद आणि सपुरिस या चार शब्दांनी एक नवी वंशावळ उभी राहते. तिच्यात पिता नाही, आचार्य आहे. पुत्र नाही, अंतेवासी आहे. पिंड नाही, धम्म आहे. पितर नाहीत, सपुरिस आहेत.

महाराष्ट्रातील लेण्यांची साक्ष

ही परिभाषा विदिशेपुरती राहिली नाही. शब्द बदलले, तरी रीत तीच राहिली आणि तिचे सुंदर पुरावे आपल्या सह्याद्रीत आहेत. भाजे येथे चैत्यगृहापासून थोड्या अंतरावर चौदा लहान स्तूपांचा समूह आहे. पाच आत आणि नऊ बाहेर. पर्यटक त्यांच्यापुढे छायाचित्र काढून पुढे जातात. त्यांतील काहींवर नावे कोरलेली आहेत. अंपिकिनक, धमगिरि, संघदिन हे तेथील थेर होत. लेखाची धाटणी ‘थेर भदंत अमुक यांचा थूप’ अशी आहे आणि थेर एक असूनही व्याकरणाने बहुवचन वापरले आहे. आपण आजही वडीलधाऱ्यांना, गुरुजनांना ‘ते आले’, ‘ते म्हणाले’ असे आदराने म्हणतो. दोन हजार वर्षांपूर्वीचा भाजे येथील शिष्य आपल्या थेरांविषयी अशाच आदरार्थी बहुवचनात बोलत होता.

भाज्यापासून फार दूर नसलेल्या बेडसे येथे गोभूति नावाच्या थेरांचा स्तूप आहे. लेखात त्यांना अरण्यात राहणारे आणि भिक्षेवर जगणारे म्हटले आहे. स्तूप करविणारा त्यांचा अंतेवासी आहे. गोभूतींचे कुळ लेखाने सांगितले नाही, त्यांची राहणी सांगितली. कान्हेरीत थेर भदंत धमपाल यांचा स्तूप एका उपासिकेने करविला. तिचे नाव सिवपालितनिका. ती धमनक नावाच्या हेरणिकाची, म्हणजे सोनार वा कोषाधिकारी असलेल्या गृहस्थाची पत्नी होती. श्राद्धाचा मुख्य अधिकार पुत्राचा. येथे मात्र एक स्त्री, जी त्या थेरांची नातेवाईक असल्याचे लेख सांगत नाही, त्यांचे स्मारक स्वतःच्या नावाने उभारते. त्याच कान्हेरीत नंतरच्या काळातील विटांच्या स्तूपांची एक मोठी रांग आहे. तेथील लेख डॉ. शोभना गोखले यांनी वाचले आणि १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात कान्हेरीच्या लेखांचा अभ्यास मांडला. या स्मारकलेखांतही थेरांच्या नावांबरोबर येतात ती त्यांनी साधनेत गाठलेली पदे.

अवशेषपूजा की कृतज्ञता?

आणखी एका आक्षेपाचा विचार केल्याशिवाय हे विवेचन पुरे होणार नाही. अस्थी जपणे, त्यांवर स्तूप बांधणे, त्यांना वंदन करणे ही शेवटी पूजाच नव्हे काय? बुद्धिवादी बौद्धाने तिचे समर्थन का करावे?

महापरिनिब्बान सुत्तात याचे उत्तर आहे. आपल्या देहाच्या पूजेत भिक्खूंनी गुंतून पडू नये, आपल्या ध्येयासाठी झटावे, असे तथागत आनंदाला स्पष्ट सांगतात. धम्मानुसार आचरण करणारा हाच तथागताची खरी पूजा करतो, असेही ते म्हणतात. त्याच सुत्तात स्तूपास पात्र असे चार जण सांगितले आहेत : तथागत, प्रत्येकबुद्ध, तथागताचा श्रावक आणि धम्माने राज्य करणारा चक्रवर्ती. कारणही दिले आहे. हा अमुकाचा स्तूप आहे, या विचाराने पुष्कळांचे चित्त प्रसन्न होते. स्तूपातील व्यक्ती आपल्याला काही देईल, आपले संकट दूर करील, असे तेथे म्हटलेले नाही. लाभ होतो तो स्मरण करणाऱ्याच्या चित्ताला, स्मरणाच्या द्वारा. श्राद्धात पितर भुकेले असतात आणि वंशज त्यांना अन्न पोहोचवितो. स्तूपापुढे सपुरिस काही मागत नाही. आपणच त्याच्या आठवणीने सावरतो.

मात्र बौद्ध परंपरा दिवंगतांविषयी उदासीन आहे, असेही समजू नये. सिगालोवाद सुत्तात पुत्राची पाच कर्तव्ये सांगताना वारशाला पात्र होऊन वागणे आणि दिवंगतांच्या नावाने दान देणे ही दोन्ही सांगितली आहेत. दान मिळते ते जिवंत माणसाला, नाव असते दिवंगताचे. या दोन कर्तव्यांतील पहिले अधिक कठीण आहे.

आजचा प्रश्न

आता लेखाच्या आरंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाकडे वळू. १९५६ साली नागपूरला आणि त्यानंतर गावोगावी ज्यांनी दीक्षा घेतली, ते आपल्या घराण्यांचे आद्य बौद्ध पूर्वज होत. त्यांच्यातील बहुतेक आता हयात नाहीत. त्यांनी देव्हारे रिकामे केले, गावकीची कामे सोडली, त्यापायी बहिष्कार सोसला आणि मुलांना शाळेत घातले. त्यांचे स्मरण आपण कसे करतो? बाराव्या-तेराव्याचे नाव जाते, पण दिवसांची मोजणी राहते. श्राद्ध हा शब्द जातो, पण ‘त्याला काही पोहोचले पाहिजे’ ही भीती राहते. ‘जलदान विधी’ हा शब्द आपल्या पत्रिकांवर सर्रास छापला जातो. पुण्यानुमोदनाच्या वेळी पाणी ओतण्याची रीत थेरवादी देशांत आहे आणि पाण्याची ती उपमा खुद्दकनिकायातील तिरोकुड्ड सुत्तातही आहे. येथे दिलेले दान दिवंगतांना उपकारक होते, असे त्या सुत्तात म्हटले आहे हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पण तेथे महत्त्व दानाला आहे आणि ते दान संघाला, म्हणजे जिवंतांना दिलेले आहे. दान विसरले आणि केवळ पाणी उरले, तर जलदान आणि तर्पण यांत काय अंतर राहते, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने करावा.

सांचीच्या भिक्खूंनी दाखविलेला मार्ग यापेक्षा सोपा आणि अधिक अर्थपूर्ण आहे. दिवंगताचे नाव घ्यावे. त्याने काय केले ते सांगावे. त्याला धम्म कोणाकडून मिळाला आणि त्याने तो कोणाला दिला, ते सांगावे. आजोबा नागपूरला कसे गेले, आजीने कोणत्या वर्षी घरातले देव विसर्जित केले, गावातील विहारासाठी पहिली जागा कोणी दिली, पहिली शाळकरी मुलगी कोणत्या घरातली, हे सर्व लिहून ठेवावे. ही माहिती वृद्धांबरोबर नाहीशी होत आहे. गोतिपुतांच्या शिष्यांनी दोन ओळी कोरल्या नसत्या, तर हिमवन्तात धम्म नेणाऱ्या थेरांची दगडावरची साक्ष आज आपल्यापाशी नसती.

दरवर्षी ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर लक्षावधी लोक येतात. ‘चैत्य’ हा शब्द आपण त्या भूमीला दिला आहे. म्हणजे आपण तिला सांची, भाजे, बेडसे, कान्हेरी यांच्या रांगेत बसविले आहे. तेथे येणारा माणूस बाबासाहेबांचा रक्ताचा वारस नसतो. तरीही तो वारसा सांगतो आणि त्याचा तो हक्क कोणी नाकारत नाही, कारण तो धम्माचा वारसा आहे. तेथून परतताना बहुतेकांच्या हातात पुस्तके असतात. दायादाचे याहून चांगले चिन्ह कोणते?

सांचीचे अवशेष १८५१ साली संघाच्या हाताबाहेर गेले. सारिपुत्त-महामोग्गल्लानांचे अवशेष म्हणून जपलेल्या अस्थी इंग्लंडहून परत मिळाल्या आणि १९५२ साली सांचीच्या नव्या चेतियगिरी विहारात स्थापन झाल्या. अवशेष हरवू शकतात, परत येऊ शकतात, पुन्हा हरवूही शकतात. त्यांवरील शब्द मात्र आपल्यापाशी आहे. आपल्या पूर्वजांना ‘सपुरिस’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला निश्चित आहे. त्यांचे ‘दायाद’ म्हणवून घेण्याचा अधिकार मात्र आपल्या आचरणाने मिळवावा लागेल.